स्वच्छ ऊर्जेची करनीती आणि व्यापारनीती : चऱ्होली-चाकण पट्ट्याच्या अनुभवावरून एक परीक्षण

इंद्रायणीच्या काठी, आळंदीच्या अलीकडे, चऱ्होली बुद्रुक हे गाव वसलेले आहे. १९९७ मध्ये ते पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आले. त्याच्या एका अंगास भोसरी व मोशी, दुसऱ्या अंगास नदीपलीकडे चाकणचा औद्योगिक टापू. ह्या गावात आज पुणे महानगर परिवहन महामंडळाचे विजेवर चालणाऱ्या बसगाड्यांचे आगार आहे. डिझेलचा धूर व इंजिनाचा खडखडाट नसलेले आगार ही गोष्ट ज्यांनी स्वारगेट किंवा पिंपरीचे जुने आगार पाहिले आहे त्यांना नवलाची वाटावी. परंतु अर्थशास्त्राच्या अभ्यासकास येथे दुसरेच काही दिसते. आगारात उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीच्या किमतीत आणि तिच्या दर किलोमीटरच्या खर्चात केंद्राचे अनुदान, आयात-जकात, वस्तू व सेवा कर, कोळशावरील कर, राज्याचे वीजदर आणि दोन महानगरपालिकांची तूटभरपाई ह्या सर्वांचे अंश मिसळलेले असतात. स्वच्छ ऊर्जेकडे जाण्याचे जे धोरण शासनाने स्वीकारले आहे त्याचे इतके अंग एकाच ठिकाणी क्वचितच पाहावयास मिळतात.

ह्या धोरणाच्या उद्दिष्टाविषयी वाद करण्याचे कारण नाही. वाद आहे तो साधनांविषयी. सार्वजनिक आयव्ययशास्त्रात कराघात आणि करभार ह्यांत भेद करतात. कर ज्याच्याकडून वसूल होतो त्याच्यावर कराघात होतो. तो अखेर ज्याच्या खिशातून जातो त्याच्यावर करभार पडतो. अनुदानासही हाच भेद लागू आहे. अनुदान ज्याच्या नावे लिहिले जाते त्यालाच ते पोहोचते असे नव्हे. स्वच्छ ऊर्जेच्या धोरणाची आतापर्यंतची चर्चा बहुतांशी कोणास किती कोटी मंजूर झाले एवढ्यावरच थांबली आहे. भार कोठे जाऊन टेकला हा प्रश्न विचारला म्हणजे चित्र बरेच पालटते.

प्रथम बसगाडीचाच विचार करावा. १ एप्रिल २०१९ पासून अमलात आलेल्या केंद्राच्या फेम-२ योजनेखाली विद्युत बससाठी बॅटरीच्या दर किलोवॅट-तासामागे २०,००० रुपये अनुदान ठरविण्यात आले होते. १०-१२ मीटर लांबीच्या गाडीस त्याची कमाल मर्यादा ५५ लाख रुपये आणि ८-१० मीटरच्या गाडीस ४५ लाख रुपये होती. म्हणजे अनुदानाचे माप बॅटरीचा आकार हे होते. गाडीने किती प्रवासी वाहिले, किती डिझेल वाचविले, ती दिवसाकाठी किती किलोमीटर धावली ह्यांचा त्या मापात समावेश नव्हता. माप जसे असेल तसा माल घडतो. मोठी बॅटरी म्हणजे मोठे अनुदान असे सूत्र एकदा ठरले, की हलकी गाडी, छोटी बॅटरी आणि वाटेत थोडा वेळ चार्जिंग अशी रचना एखाद्या मार्गास अधिक किफायतशीर असली तरी तिच्याकडे कोणी वळत नाही. शिवाय बॅटरीतील सेल हा गाडीतील असा भाग आहे की जो ह्या काळात जवळजवळ सर्वस्वी परदेशातून येत होता. देशी उद्योगास उत्तेजन देण्यासाठी काढलेल्या योजनेने मोजपट्टी म्हणून नेमका आयात होणारा भाग निवडावा, हा योगायोग मोठा विचित्र आहे.

महामंडळाच्या ताफ्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रथम दाखल झालेल्या विद्युत बसगाड्या हैदराबादच्या ऑलेक्ट्रा कंपनीने चीनमधील बीवायडी कंपनीच्या तंत्रसाहाय्याने बनविलेल्या होत्या. ह्यात गैर काही नाही. निविदेत जो पात्र ठरला त्याने गाड्या पुरविल्या. पण ज्या पट्ट्यात वाहनाचा बहुतेक प्रत्येक सुटा भाग कोणी ना कोणी बनवितो, त्या पट्ट्यातील बससेवेचे विद्युतीकरण झाले तेव्हा त्या पट्ट्याच्या कारखानदारीस त्याचा फारसा स्पर्श झाला नाही, ही वस्तुस्थिती नोंदविणे भाग आहे.

ह्या गाड्या महामंडळाच्या मालकीच्या नसतात. ठेकेदार कंपनी गाडी व चालक पुरविते, महामंडळ तिला प्रतिकिलोमीटर ठरलेला दर देते आणि तिकिटाचे उत्पन्न स्वतःकडे घेते. परिणामी गाडी रिकामी धावली तर तोटा महामंडळाचा. आणि महामंडळाचा तोटा म्हणजे अखेर पुणे व पिंपरी-चिंचवड ह्या महानगरपालिकांचा. २००७ मध्ये दोन परिवहन उपक्रम एकत्र झाल्यापासून तो अनुक्रमे ६० व ४० टक्के ह्या प्रमाणात वाटला जातो. केंद्राचे अनुदान एकदाच, गाडी येताना मिळते. तूट मात्र दरसाल येते. जून २०२५ मध्ये महामंडळाने किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये केले. ही वाढ केवळ विद्युत बसमुळे झाली असे म्हणणे अन्यायाचे होईल. डिझेल, सीएनजी, पगार, सारेच वाढले आहे. तथापि आळंदीहून भोसरीस कामाला जाणाऱ्या मजुराच्या दृष्टीने पाहता, हवा स्वच्छ करण्याच्या योजनेचा काही अंश त्याच्या तिकिटात आला आहे हे नाकारता येत नाही.

येथे पिंपरी-चिंचवडच्या नगरपालिकीय अर्थकारणाचा इतिहास ध्यानात घेणे अगत्याचे आहे. मराठीत देशाच्या सीमेवर घेतल्या जाणाऱ्या करास आणि गावाच्या वेशीवर घेतल्या जाणाऱ्या करास जकात हा एकच शब्द रूढ आहे, आणि ह्या नगरीचे वैभव दुसऱ्या प्रकारच्या जकातीवर उभे राहिले. पोलाद, रबर, सुटे भाग, जे जे कारखान्यासाठी नाक्यावरून आत आले त्यावर पालिकेस उत्पन्न मिळाले. ३१ मार्च २०१३ रोजी ती जकात संपली. तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींहून कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांपुरता तोही गेला. आणि २०१७ च्या वस्तू व सेवा कराबरोबर त्याची जागा राज्याकडून येणाऱ्या भरपाईने घेतली. ही भरपाई २०१६-१७ हे पायाभूत वर्ष धरून दरसाल ८ टक्क्यांनी वाढत जाते. रक्कम खात्रीची आहे, हा तिचा गुण. पण तिचा गावातील उद्योगाच्या चढउताराशी संबंध उरलेला नाही. पूर्वी पालिकेच्या उत्पन्नात गावच्या कारखान्याची नाडी लागत असे. इंजिनाच्या भागांची मागणी घटली तर ते नाक्यावर पहिल्या महिन्यात कळत होते. आज विद्युत संक्रमणाचा लाभ वा हानी पालिकेच्या जमाखर्चात उतरत नाही, मात्र त्या संक्रमणाच्या बससेवेची तूट उतरते. करसत्ता वरच्या पातळीवर आणि दायित्व खालच्या पातळीवर अशी ही विभागणी आहे. जकातीचे नाके पुन्हा उभारावेत असे कोणी म्हणणार नाही. तिथे होणारा खोळंबा आणि त्या अनुषंगाने चालणारे व्यवहार ह्यांची आठवण अद्याप ताजी आहे.

आता करांकडे वळावे. १ ऑगस्ट २०१९ पासून विद्युत वाहनांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के करण्यात आला. त्या वेळी सामान्य पेट्रोल दुचाकीवर २८ टक्के कर होता. म्हणजे स्वच्छ वाहनास २३ टक्क्यांची पसंती होती, आणि अनुदानापेक्षाही ही पसंती अधिक विश्वसनीय होती, कारण तिच्यासाठी कोणाकडे अर्ज करावा लागत नव्हता. २२ सप्टेंबर २०२५ रोजी करांचे दर नव्याने ठरले तेव्हा ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवरील कर १८ टक्क्यांवर आला, लहान पेट्रोल मोटारींचाही आला. विद्युत वाहनांचा ५ टक्क्यांवरच राहिला. पसंती २३ वरून १३ टक्क्यांवर उतरली. ग्राहकास दिलासा, विक्रीस चालना, दरांची संख्या कमी करणे, ह्या कारणांनी त्या बदलाचे समर्थन झाले आणि ती कारणे खोटी नव्हती. परंतु स्वच्छ ऊर्जेच्या धोरणातील सर्वांत मोठी सवलत त्या दिवशी जवळजवळ निम्मी झाली, ही गोष्ट त्या चर्चेत फारशी कोणाच्या ध्यानी आली नाही.

ह्याचा हिशेब साधा आहे. कर वगळून ८०,००० रुपये किमतीची पेट्रोल दुचाकी घेतली, तर पूर्वी तिच्यावर २२,४०० रुपये कर पडे. आता १४,४०० पडतो. ग्राहकाचे ८,००० रुपये वाचतात. त्याच २०२५-२६ ह्या वर्षी केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेखाली विद्युत दुचाकीस मिळणारे अनुदान किलोवॅट-तासामागे २,५०० रुपये व जास्तीत जास्त ५,००० रुपये होते. एका खात्याने विद्युत दुचाकीच्या पारड्यात पाच हजार टाकले आणि दुसऱ्याने पेट्रोल दुचाकीच्या पारड्यात आठ हजार. राज्याचे साहाय्य निराळे आहे. ते धरले तरी हिशेबाचा हा भाग बदलत नाही. आकुर्डीस विद्युत चेतक आणि चाकणला पेट्रोलवरील मोटारसायकली बनविणाऱ्या एकाच कंपनीच्या दोन कारखान्यांवर हे दोन्ही निर्णय एकदम येऊन पोहोचले असतील, तेव्हा शासनाची खरी इच्छा काय असे तेथील व्यवस्थापकांना वाटले असल्यास नवल नाही.

कोळशाच्या बाबतीत जे घडले ते ह्याहूनही बोधप्रद आहे. चऱ्होलीच्या आगारात गाडीत भरली जाणारी वीज महाराष्ट्रात अजून मुख्यत्वे कोळशापासून निर्माण होते, त्यामुळे हा विषय दूरचा नव्हे. २०१० मध्ये केंद्राने कोळशावर टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर बसविला. तो २०१४ मध्ये १००, २०१५ मध्ये २०० आणि २०१६ मध्ये ४०० रुपये झाला. प्रदूषण करणाऱ्या वस्तूवर कर घ्यावा आणि तो पैसा स्वच्छ ऊर्जेच्या निधीत टाकावा, ही कल्पना तत्त्वतः उत्तम होती. अनेक पुढारलेल्या देशांत असा कर नसताना भारताने तो बसविला होता. व्यवहार मात्र वेगळा झाला. २०१७-१८ पर्यंत ह्या उपकरातून सुमारे ८६,००० कोटी रुपये जमा झाले आणि त्यांतील ३०,००० कोटींहूनही कमी रक्कम त्या निधीकडे वर्ग झाली. १ जुलै २०१७ रोजी उपकर रद्द होऊन त्याच दराचा भरपाई उपकर आला, आणि पैसा स्वच्छ ऊर्जेऐवजी राज्यांच्या महसुली नुकसानभरपाईकडे वळला. सप्टेंबर २०२५ मध्ये हाही उपकर काढण्यात आला व कोळशावरील वस्तू व सेवा कर ५ वरून १८ टक्के झाला.

वरवर पाहता १८ टक्के म्हणजे कर वाढला. प्रत्यक्षात टनामागे ठरीव रकमेच्या जागी किमतीच्या प्रमाणातील कर आला, आणि ह्या दोहोंचा परिणाम एक नाही. १,५०० रुपये टनाच्या कोळशावर पूर्वी ७५ अधिक ४०० असे ४७५ रुपये पडत. आता २७० पडतात. ५,००० रुपये टनाच्या कोळशावर पूर्वी ६५० पडत, आता ९००. सुमारे ३,०७७ रुपये ही सीमारेषा. तिच्या खालचा कोळसा स्वस्त झाला, वरचा महाग. किंमत कमी म्हणजे सामान्यतः उष्मांक कमी व राख अधिक. तेव्हा ज्या कोळशाच्या एका टनातून वीज कमी व राख अधिक निघते त्याला सूट, आणि चांगल्या प्रतीच्या, विशेषतः आयात होणाऱ्या कोळशास अधिक कर, असे हे झाले. वस्तू व सेवा कराच्या पद्धतीतील उलटी रचना दुरुस्त करण्याचा हेतू होता आणि तो साधला, हे मान्य केले पाहिजे. वीजदर काहीसे उतरण्यासही त्याने हातभार लागू शकतो. पण हा निर्णय एकाच वेळी ऊर्जानीतीचा, आयातनीतीचा आणि हवेच्या शुद्धतेचाही निर्णय होता. घेतला गेला तो केवळ करदरांच्या सुटसुटीतपणाचा म्हणून. वीज स्वतः वस्तू व सेवा कराच्या बाहेर असल्याने कोळशावर भरलेल्या कराची वजावट वीजकेंद्रास मिळत नाही. तो वीजदरात मिसळून ग्राहकाकडे येतो. त्याउलट सार्वजनिक चार्जिंग केंद्रावर गाडीत वीज भरून घेतली तर ती सेवा समजून १८ टक्के कर पडतो. घरी अंगणात गाडी लावता येणारा हा कर देत नाही. चाळीत किंवा भाड्याच्या खोलीत राहणारा देतो.

व्यापारनीतीचा कस लागला तो २०२५ च्या एप्रिलमध्ये. ४ एप्रिल रोजी चीनने सात दुर्मिळ मृदा धातू आणि त्यांपासून बनणारे चुंबक ह्यांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. विद्युत दुचाकीच्या मोटारीत हे चुंबक असतात. वजनाने थोडे, किमतीने मामुली, पण त्यांच्यावाचून मोटार फिरत नाही. त्या जुलैत बजाज ऑटोने ऑगस्टमध्ये विद्युत वाहनांचे उत्पादन शून्यावर येण्याची शक्यता बोलून दाखविली. आकुर्डीतील कारखान्याचे चाक बीजिंगमधील एका परवाना-कचेरीच्या सहीवर अवलंबून आहे, हे त्या वेळी सर्वांच्या लक्षात आले.

परंतु ह्या प्रसंगाचा दोष केवळ परराष्ट्राच्या माथी मारणे बरोबर होणार नाही. केंद्राच्या क्रमबद्ध उत्पादन कार्यक्रमानुसार अनुदानास पात्र ठरण्यासाठी मोटार देशात जुळवावी लागे. तिच्यातला चुंबक बाहेरून आणण्यास आडकाठी नव्हती. चीनचे निर्बंध चुंबकावर होते, तयार मोटारीवर नव्हते. म्हणजे ज्याने संपूर्ण मोटार आयात केली असती त्याची गाडी चालू राहिली असती, आणि ज्याने शासनाचे ऐकून मोटार देशात जुळविली त्याचा पट्टा थांबण्याची वेळ आली. देशी घटकांचा आग्रह चूक नाही. तो साखळीच्या कोणत्या कडीपाशी धरावा ह्याचा विचार झाला नव्हता. जुळवणीस संरक्षण द्यावयाचे आणि कच्च्या मालाचा पुरवठा एकाच देशावर सोडावयाचा, ह्याने स्वावलंबन वाढत नाही, अवलंबनाची जागा फक्त बदलते. चुंबकांच्या देशी उत्पादनासाठी ७,२८० कोटींची योजना मंत्रिमंडळाने मंजूर केली ती २६ नोव्हेंबर २०२५ रोजी, म्हणजे निर्बंध लागू झाल्यावर जवळजवळ आठ महिन्यांनी. तोवर देशी घटकांच्या अटींचा भंग केल्याबद्दल काही दुचाकी उत्पादकांकडून अनुदान परत मागण्याचे प्रकरणही होऊन गेले होते.

अनुदानाच्या स्थैर्याविषयी बोलावयाचे तर जून २०२१ मध्ये दुचाकीचे अनुदान किलोवॅट-तासामागे १०,००० वरून १५,००० झाले, जून २०२३ मध्ये पुन्हा १०,००० झाले आणि किमतीच्या ४० टक्क्यांपर्यंतची मर्यादा १५ टक्क्यांवर आणली, एप्रिल २०२४ मध्ये ५,००० झाले, पुढे २,५००. उतरते अनुदान हे तत्त्व योग्यच आहे. पण उतरण्याचा जिना आधी बांधलेला असावा लागतो. येथे प्रत्येक पायरी चढणाऱ्याच्या पायाखालून ऐन वेळी काढली गेली.

ह्या सर्वांत ज्याचा विचार सर्वांत कमी झाला तो भोसरी, चिखली, तळवडे येथील लहान कारखानदार. दोनचार लेथ, एखादे व्हीएमसी यंत्र, दहापंधरा कामगार, आणि मोठ्या कंपनीच्या पुरवठादाराचे जॉबवर्क, असे त्याचे स्वरूप. पिस्टन, व्हॉल्व्ह, गिअर, क्रँकशाफ्ट ह्यांवरचे काम हेच त्याचे पोट. विद्युत मोटारीत हे भाग बहुतांशी लागतच नाहीत. ज्या धोरणामुळे त्याचे काम जावयाचे आहे त्याच धोरणात त्याला नवे काम शिकण्याचे साधन असावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये मंजूर झालेल्या वाहनोद्योगाच्या उत्पादननिगडित प्रोत्साहन योजनेची तरतूद २५,९३८ कोटींची आहे. तिच्यात पात्र ठरण्यास वाहननिर्मात्या समूहाची उलाढाल किमान १०,००० कोटी आणि स्थिर मालमत्ता ३,००० कोटी असावी लागते. सुटे भाग बनविणाऱ्याची अनुक्रमे ५०० कोटी व १५० कोटी. भोसरीच्या गाळ्यातून ह्या आकड्यांकडे पाहिले म्हणजे योजनेचे दार केवढ्या उंचीवर आहे ते कळते. मोठ्यास दिलेले प्रोत्साहन झिरपत खाली येईल असे समर्थन केले जाते. ते येईलही, पण नव्या मोटारींच्या आणि बॅटरीच्या कामासाठी मोठ्या कंपन्या नवे पुरवठादार निवडतील की जुन्यांना वेळ देतील, ह्याबाबत योजनेत एकही अट नाही.

बालोद्योगांच्या संरक्षणाचा प्रश्न ह्या देशाला नवा नाही, आणि पुण्याला तर मुळीच नाही. न्यायमूर्ती रानडे ह्यांनी १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर जे व्याख्यान दिले त्यात मुक्त व्यापाराचे सिद्धांत देशकालपरिस्थितीनिरपेक्ष नाहीत हा विचार मांडला होता. पुढे १९२१-२२ च्या वित्तीय आयोगाने विवेकी संरक्षणाची तीन कसोट्यांची पद्धत सांगितली : उद्योगास निसर्गदत्त अनुकूलता असावी, संरक्षणावाचून तो वाढणार नाही अशी स्थिती असावी, आणि कालांतराने तो संरक्षणावाचून जगाशी टक्कर देऊ शकेल असा संभव असावा. ह्या कसोट्यांवर पुष्कळ टीका झाली व ती बरीचशी योग्यही होती. परकी सत्तेने संरक्षण देण्यात कंजुषी करण्यासाठी त्यांचा उपयोग केला. तरी त्या पद्धतीत एक गोष्ट होती जी आज हरवली आहे. टॅरिफ बोर्ड चौकशी करी, साक्षी घेई, अहवाल प्रसिद्ध करी, आणि संरक्षणास मुदत असे. १९२४ मध्ये पोलादास मिळालेले संरक्षण तीन वर्षांचे होते. मुदत संपताना पुन्हा चौकशी झाली आणि १९२७ मध्ये ते सात वर्षांसाठी नव्या स्वरूपात दिले गेले. संरक्षणाचा लाभ घेणाऱ्यास ठराविक काळानंतर लोकांपुढे येऊन हिशेब द्यावा लागे. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये स्थापन झालेले टॅरिफ कमिशनही हे काम करीत असे. १९७६ मध्ये ते मोडीत निघाले.

सौर पॅनेलांच्या जकातीचा इतिहास ह्या कसोटीवर पाहण्यासारखा आहे. सौर योजनेतील देशी मालाच्या अटीविरुद्ध अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि २०१६ मध्ये निकाल भारताच्या विरुद्ध गेला. जुलै २०१८ मध्ये दोन वर्षांसाठी संरक्षक जकात बसली. ती चौकशीनंतर व उतरत्या दराने बसली होती, एवढे तिच्या बाजूने म्हणता येते. १ एप्रिल २०२२ पासून पॅनेलवर ४० आणि सेलवर २५ टक्के जकात आली. तिला ना मुदत, ना उतरता दर. त्याखेरीज मान्यताप्राप्त उत्पादकांची यादी सक्तीची झाली, मध्ये एक वर्ष स्थगित झाली, एप्रिल २०२४ पासून पुन्हा सुरू झाली. कारखान्याच्या पत्र्यावर सौर पॅनेल बसवू पाहणाऱ्या चाकणच्या उद्योजकास ह्या काळात दरवर्षी निराळा भाव मिळाला. त्याच वेळी हेही खरे की ऑगस्ट २०२५ पर्यंत यादीतील देशी पॅनेल-उत्पादनाची क्षमता १०० गिगावॅटपर्यंत पोहोचली. संरक्षणाने काहीच साधले नाही असे म्हणणाऱ्यास हा आकडा पुरेसे उत्तर आहे. परंतु पॅनेल म्हणजे बाहेरून आणलेल्या सेलांची जुळवणी, असेच बराच काळ त्याचे स्वरूप राहिले, आणि येथे पुन्हा चुंबकाच्या प्रकरणाचीच आठवण होते.

राज्याच्या धोरणाविषयी थोडक्यात लिहिणे पुरे. जुलै २०२१ च्या विद्युत वाहन धोरणात २०२५ पर्यंत नव्या नोंदणीत १० टक्के विद्युत वाहने आणि राज्यात सेलचा किमान एक मोठा कारखाना, अशी उद्दिष्टे होती. सेलचे मोठे प्रकल्प त्या काळात उभे राहू लागले ते कृष्णगिरीत, बेंगळूरुत, तेलंगणात आणि साणंदला. २०२५ च्या नव्या धोरणाने नोंदणीचे उद्दिष्ट २०३० साठी ३० टक्क्यांवर नेले आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग व अटल सेतू ह्यांवर विद्युत मोटारी व बसगाड्यांना टोलमाफी दिली. मुंबईस जाणाऱ्या मोटारमालकाची सोय झाली. चऱ्होलीहून भोसरीस जाणाऱ्याच्या वाटेवर टोलनाका नाहीच. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये अर्थसंकल्पात ३० लाखांहून अधिक किमतीच्या विद्युत मोटारींवर ६ टक्के वाहनकर सुचविण्यात आला होता, आणि तो महिना संपण्यापूर्वीच मागे घेण्यात आला. श्रीमंत ग्राहकाकडून थोडा कर घेऊन तो बससेवेकडे वळविण्याची ती चांगली संधी होती. प्रस्ताव मांडताना तो पैसा कोठे जाणार हे सांगितले गेले नाही, म्हणून त्याच्या बाजूने बोलावयास कोणी उभे राहिले नाही.

सध्याची पीएम ई-ड्राइव्ह योजना १ ऑक्टोबर २०२४ रोजी १०,९०० कोटींच्या तरतुदीने सुरू झाली. बसगाड्यांपुरती तिची मुदत मार्च २०२८ पर्यंत वाढविण्यात आली आहे. विद्युत बसचे करार त्याहून दीर्घ काळाचे असतात, आणि बॅटरी ही गाडीइतकी टिकणारी वस्तू नव्हे. करारातील दरात ती बदलण्याचा खर्च ठेकेदाराने धरलेला असेल, तर त्या दिवशी सेलवर किती जकात आणि बॅटरीवर किती कर असेल ह्याचा अंदाजही त्याने आजच्या दरात घातला असला पाहिजे. तो अंदाज चुकला तर दराच्या फेरविचाराची मागणी महामंडळाकडे येईल, महामंडळाकडून ती ६० व ४० टक्क्यांच्या प्रमाणात दोन पालिकांकडे जाईल, आणि तोपर्यंत केंद्राच्या योजनेचे खाते बंद झालेले असेल.